पोपटच्या घरी

डॉक्टर म्हणाले, "जे काही बोलायचं असेल ते गुरुवारपर्यंत बोलून घ्या," आणि बाबांनी विचारलं, "गुरुवार धरून की सोडून?" डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो, कारण आमच्या घरात असल्या वेळी कुणीतरी हसायचं असतं आणि ते काम माझ्याकडे आहे. मग डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यातल्या एका भागावर बॉलपेनने फुली मारली. बाबा आजवर जे जे बोलले, मला हाका मारल्या, टीव्हीवर ओरडले, भाजीवाल्याशी भांडले, ते सगळं त्या फुलीखाली होतं. स्वरयंत्र काढायचं. गळ्याला खाली एक भोक राहील, श्वास तिथून. "बाकी तब्येत ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान डोलावली, जणू मिटिंग संपली. बेलापूरहून कामोठ्याला येईपर्यंत रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, उरलेला आवाज जपून वापरतायत. घरापाशी रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तेव्हा मात्र त्यांनी त्यातला बराचसा तिथेच खर्च केला.

मी महापेला एका कंपनीत चॅटबॉटची मराठी वाक्यं लिहितो. 'क्षमस्व, मला आपले म्हणणे समजले नाही' हे वाक्य माझं आहे. महाराष्ट्रात कुठे ना कुठे, कुणी ना कुणी या वाक्याला आत्ता शिव्या घालत असणार. त्यामुळे हॉस्पिटलातल्या स्नेहल मॅडमनी आवाज साठवायची कल्पना सांगितली तेव्हा मला ती घरचीच वाटली. बाबा फोनवर टाइप करणार, फोन बाबांच्या आवाजात बोलणार. त्यासाठी त्यांचं आधीचं भरपूर बोलणं लागतं, स्वच्छ, मागे गोंगाट नसलेलं. "लहानपणाबद्दल बोलू द्या त्यांना," स्नेहल मॅडम म्हणाल्या, "माणूस लहानपणाबद्दल बोलताना अडखळत नाही." मी विचारलं, आवाज आधीच घोगरा झालाय त्याचं काय? म्हणाल्या, घोगरेपणा सॉफ्टवेअर काढून टाकतं. मग उरतं काय, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या इतक्या तरुण आणि उत्साही होत्या की मी नुसतं थँक्यू म्हणालो.

कामोठ्यात गोंगाट नसलेली जागा नाही. आमच्या खिडकीखाली गटाराचं खोदकाम चालू आहे, ते कशासाठी हे खोदणाऱ्यांनाही आता आठवत नसावं. सकाळी कांद्याबटाट्याचा टेम्पो येतो, त्याच्यावर भोंगा लावलेला. म्हणून मी बेडरूमची दारं-खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि आम्ही दोघं रजई पांघरून बसलो. एप्रिल महिना. मधे फोन, त्याला लावलेला छोटा माइक, आणि अंधार. बाबांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि औषधाचा वास येत होता. त्यांचा श्वास मला गुडघ्यावर लागत होता. लहानपणीसुद्धा मी त्यांच्या इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो. दार उघडून आई म्हणाली, "दोघं काय अंडी उबवताय का?" आणि ते रेकॉर्ड झालं. पुन्हा पहिल्यापासून.

बाबा घसा खाकरून म्हणाले, "नमस्कार. मी नंदकिशोर. माझे बालपण वाशी येथे अत्यंत खडतर परंतु आनंदात व्यतीत झाले." ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभे राहिले की त्यांच्या पोटातून एक प्रमुख पाहुणा बाहेर येतो. तो रजईत आला होता. मी म्हणालो, "बाबा, नेहमीसारखं बोला ना."

"नेहमीसारखंच बोलतोय."

"नेहमी तुम्ही 'परंतु' म्हणता?"

"रेकॉर्डिंगला म्हणतो," बाबा म्हणाले, आणि पुढे 'तदनंतर' म्हणाले.

मला हवा होता तो आवाज वेगळा होता. बाथरूममधून "ए वरद्या, टाकी भरली का बघ" म्हणणारा. संध्याकाळी दार ढकलून आत येताना, चप्पल काढता काढता, कुणालाच उद्देशून नसलेलं "आलो रे" म्हणणारा. जरा जाडसर, छातीतून काढलेला. ऑफिसातून दमून आलेला माणूस इतक्या जाड आवाजात का बोलतो हे मला कधी कळलं नाही, पण घराला तो आवाज लागत होता. तो यायचा आणि मग आई गॅस लावायची. तेवढा एक मिळाला असता तर बाकी भाषण गेलं असतं तरी चाललं असतं. आणि रजईत पाहुणा सांगत होता की तत्कालीन वाशी हे एक निर्माणाधीन नगर होते. मी घामाने निथळत होतो. त्या काळोखात मला वाटायला लागलं की बाबांचा आवाज खरं तर आधीच गेलाय, मागच्याच आठवड्यात, आणि हा त्यांच्या जागी कुणीतरी तात्पुरता पाठवलाय.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी पाहुण्यालाही कंटाळा आला असावा, कारण वाशीबद्दल सांगता सांगता बाबांचा एक 'परंतु' गळला. मग दुसरा. ते म्हणाले, रस्ते आधी आले, घरं मागून. दिव्याचे खांब होते, तारा नव्हत्या. एक बसस्टॉप होता, बस अजून यायची होती, म्हणून आम्ही पोरं तिथे रोज खेळायला जायचो आणि रांग लावून उभं राहायचो. सगळी घरं बैठी आणि एकाच साच्यातली. तेच दार, तोच रंग, मोरी त्याच कोपऱ्यात. नंबर होते, पण नंबर कोण बघतं? आम्ही ढिगांवरून ओळखायचो. विटांचा ढीग म्हणजे दगडूची ओळ. वाळूचा ढीग म्हणजे डॉक्टरांची. आमच्या ओळीच्या तोंडाशी खडीचा ढीग होता. एक दिवस मी शाळेतून आलो तोवर ट्रकवाल्यांनी तो उचलून पुढच्या ओळीच्या तोंडाशी टाकला होता. मी ढिगापाशी वळलो, तिसऱ्या घरात शिरलो, दप्तर टाकलं, म्हटलं, आई, आलो गं.

इथे बाबा थांबले. खाली खोदकाम चालू होतं, तरी मी पुन्हा पहिल्यापासून म्हणालो नाही.

"आतून एक बाई आली. घर आमचंच, खुंटी तिथेच, फक्त बाई वेगळी. मला वाटलं गावाकडून कुणी आली असेल. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, परत म्हण. मी म्हटलं, काय? म्हणाली, आत्ता म्हणालास ते. मी परत म्हटलं. आई, आलो गं. ती खाली बसली. मग उठून तिने भाकरी वाढली, दूध, गूळ. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की घर चुकलंय. पण अर्धी भाकरी टाकून कसं उठणार?" बाबा हसले. त्या हसण्यात फुटक्या पिपाणीसारखा आवाज होता. "दुसऱ्या दिवशी मला ढिगाचं कळलं होतं. तरी मी तिथेच वळलो."

त्या बाईचा मुलगा पावसाळ्यात काविळीने गेला होता. त्याचं नाव पोपट. इथे हसायचं की नाही हे मला रजईत ठरवता आलं नाही, अजूनही आलेलं नाही. ती बाबांना पोपट म्हणायची. तिचं काही मागणं नव्हतं, फक्त दारातून आत येताना हाक मारायची आणि मग जेवायचं. नवरा कामावर असायचा. त्याला माहीत होतं की नाही, बाबांना ठाऊक नाही. शाळेची दोन वर्षं बाबा दुपारी तिथे जेवले. पोपट त्यांच्यापेक्षा मोठा होता, म्हणून हाक जरा जाड आवाजात मारायची, छातीतून. "सुरुवातीला घसा दुखायचा," ते म्हणाले, "मग बसला आवाज. मग तसाच यायला लागला." आणि त्यांनी मला ती हाक मारून दाखवली. त्या कोंदट अंधारात, माझ्या गुडघ्यावर श्वास सोडत, सत्तावन्न वर्षांचा माझा बाप दारातून आत आला. घोगरा, चिरकलेला, पण तोच आवाज होता. चप्पल काढतानाचा. मला मिळाला होता. आणि त्याच क्षणी हेही कळलं होतं की तो बाबांचा नव्हताच. मी जन्मल्यापासून रोज संध्याकाळी आमच्या घरात जो येत होता, ज्याच्या आवाजावर आई गॅस लावत होती, तो मी कधीही न पाहिलेला, काविळीने गेलेला एक मुलगा होता. मला एकदम रजई फेकून द्यावीशी वाटली. फेकली नाही. रेकॉर्डिंग चालू होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. एक दिवस हाक मारून आत गेलो तर एक माणूस दाढी करत बसलेला. अर्ध्या गालाला साबण. म्हणाला, कोण रे तू? ते लोक बदली होऊन गेले होते. मला सांगितलं नव्हतं तिने. सांगायला तोंड नसेल झालं. मी घरी आलो. आमच्या खऱ्या घरी. तर ताट वाढलेलं. दोन वर्षं दुपारी माझं ताट कधी नसायचं, मी आपला भूक नाही म्हणायचो आणि आई बरं म्हणायची. त्या दिवशी बरोबर वाढलेलं. आईला कसं कळलं कुणास ठाऊक." मग ते एकदम ऑफिसच्या सुरात म्हणाले, "हे काढून टाक. हे त्या मॅडमना द्यायचं नाही. आईच्या कानावर गेलं तर? तिला काय वाटेल, मी दुसऱ्या बाईला आई म्हणायचो. या वयात तिला हे कळायला नको."

आजी त्या वेळी हॉलमध्ये मटार सोलत होती. मालतीबाई तिचं नाव. घरात ती सगळ्यांत कमी बोलते आणि सगळ्यांत जास्त सोलते. मी बाबांना शब्द दिला. पुढचे दोन दिवस पाहुण्याने सहकारी गृहनिर्माण चळवळीवर विचार मांडले आणि मी तेच स्नेहल मॅडमना पाठवले. पाठवताना बोट स्क्रीनवर टेकवून मी बराच वेळ बसलो होतो. ती एक फाइल घातली असती तर फोनमध्ये तो आवाज आला असता. पण मग फोन पोपटच्या आवाजात बोलला असता, आणि तेही आजीसमोर, आणि बाबांना नाही म्हणायलाही आवाज राहिला नसता. मी रोज कंपनीसाठी माफीची वाक्यं लिहितो. त्यातलं एकही इथे बसत नव्हतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. आई हॉस्पिटलात राहिली, मी आजीला जेवायला घालायला घरी आलो. आजीने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"काय बोलला रं त्यो त्या रजईत एवढं?"

"काही नाही आजी. लहानपणचं. वाशीचं."

"पोपटच्या घरचं सांगितलं का न्हाय?"

माझ्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. मी वेड पांघरून विचारलं, "कोण पोपट?"

"आरं, पुढच्या वळीतला. गेला बिचारा पावसाळ्यात. त्याची आई नळावर यायची आन् हंडा भरून वाहिला तरी बघत उभी ऱ्हायची. जेवत न्हवती बाई. एक दिस नंदू चुकून तिच्या घरात शिरला. सांजच्याला ती माझ्याकडं आली, काय बोलंना, नुसती दारात उभी. मी म्हनलं, धाडीन." आजीने पोळीचा तुकडा उचलला, आमटीत बुडवला. "दुसऱ्या दिवसापासनं मी त्याचं ताट वाढायचं बंद केलं. भूक लागली की पोर आपसूक जातं."

"म्हणजे तू पाठवायचीस?"

"मला चार होती. तिला एक पोर पायजे होतं, मला एक ताट कमी पायजे होतं. तुझ्या आजोबाचा कारखाना तवा बंद पडला व्हता."

"पण बाबाच का? चौघांत बाबाच का?"

आजी चावत राहिली. दात कमी आहेत, वेळ लागतो. मग म्हणाली, "त्यो इचारायचा न्हाय. बाकीच्यांनी इचारलं असतं. ती लोकं जायाची म्हनली तवा मलाच सांगून गेली. त्या दिशी मी त्याचं ताट वाढलं." आणि मग, "आमटी आळणी हाय," म्हणाली, आणि ती खरोखरच आळणी होती, मीठ घालायचं मी विसरलो होतो.

बाबांच्या गळ्याला आता भोक आहे. त्यावर जाळीचा पांढरा रुमाल असतो आणि श्वास घेताना तो आत-बाहेर हलतो. त्यांच्याशी बोलताना माझी नजर चेहऱ्यावर राहत नाही, त्या रुमालावर जाते, जणू ते तिथून काहीतरी म्हणतील. हॉस्पिटलात स्नेहल मॅडमनी ॲप चालू करून दिलं. बाबांनी एका बोटाने टाइप केलं आणि फोन म्हणाला, "नमस्कार. मला पाणी हवे आहे." ठणठणीत, स्पष्ट, घोगरेपणा गेलेला, सव्वीस जानेवारीचा. स्नेहल मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, छान आहे. शेजारणीने नवी साडी दाखवल्यावर ती असंच छान म्हणते. मी बाबांकडे पाहिलं. ते फोनकडे असे बघत होते की जणू सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस निवडून आला आहे.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणजे कॉटच्या लोखंडावर चमचा वाजवला. फोनचा आवाज बंद करून त्यांनी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. 'ते काढून टाकलेस ना? आईला कळता कामा नये.' मी म्हणालो, "बाबा, टेन्शन घेऊ नका. आजीला पहिल्यापासून माहितीये. तीच तर पाठवायची तुम्हाला." मी ते विनोद म्हणून सांगितलं. मला खरंच वाटलं होतं की ते हसतील. पन्नास वर्षं ज्या गोष्टीपासून आईला जपलं, ती तिनेच केली होती. दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असती तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. मी सगळं सांगितलं, चार पोरं, एक ताट, आजोबांचा कारखाना, आणि थांबायचं कुठे ते न कळून 'त्यो इचारायचा न्हाय' हेही सांगितलं. गळ्यावरचा रुमाल हलायचा थांबला. मग जोरात हलला. बाबांनी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही, हवासुद्धा नाही, हवा आता तिथून येत नाही. त्यांनी ते तसंच थोडा वेळ उघडं ठेवलं आणि मिटलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. भूक नाही अशी त्यांनी हाताने खूण केली. आई बरं म्हणाली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

सकाळी आजी हॉलमध्ये लसूण सोलत होती. बाबा भिंतीला धरून आले आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले. आजीने वर पाहिलं, म्हणाली, "बसलास व्हय? बस." आणि परत लसूण. ऑपरेशननंतर ती त्यांच्याशी जास्तच मोठ्याने बोलते, जणू त्यांचे कान काढलेत. बाबांनी फोन मांडीवर घेतला. त्यांचं बोट एकेका अक्षरावर जात होतं, चुकत होतं, पुसत होतं. मी दारात उभा होतो. मला दिसत होतं की ते लिहीत नाहीयेत, विचारतायत. आयुष्यात पहिल्यांदा. कढीत मीठ कमी का, शाळेची फी का भरली नाही, धाकट्याला सायकल मिळाली मला का नाही, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं असं आत्याही सांगते. मला आत जाऊन फोन काढून घ्यावासा वाटला, आणि त्यांना विचारू द्यावं असंही वाटलं, आणि ह्या दोन्हींच्या मधे मी दाराची कडी वर-खाली करत राहिलो. त्यांनी फोन उचलून आजीच्या तोंडासमोर धरला आणि बोट दाबलं.

"आई," फोन भारदस्त आवाजात म्हणाला, "त्या घरी मला तू पाठवले होतेस का? मलाच का?"

आजी दचकली. तिने हातातला लसूण परातीत टाकला, हात पदराला पुसले आणि पदर डोक्यावर घेतला. मग तिने बाबांच्या हातातून फोन घेऊन कानाला लावला.

"कोन बोलतंय?" ती म्हणाली. "नंदू हितंच हाय, पर त्याला बोलाया येत न्हाय आता. घशाचं आपरेशन झालंय त्याचं. आवाज गेला."

बाबांनी हात पुढे केला. त्यांचा रुमाल भरभर हलत होता. आजीने मोकळ्या हाताने त्यांचा हात खाली दाबला आणि कुजबुजली, "थांब जरा. तुझ्यासाठीच फोन हाय. कोन तरी मोठा मानूस वाटतोय."

मग ती सावरून बसली, फोन कानाला आणखी घट्ट धरला आणि अदबीने म्हणाली, "मी आई हाय त्याची. काय इचारायचं ते मला इचारा. बोला."